लघवीचा त्रास, पण दुखणं दुसरीकडेच: शुगर, मणका, हृदय, सिकलसेल आणि रोजच्या गोळ्या

सातपूर : रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार सुटत नाही, खोकताना थेंब गळतात, शाळेत जाणारं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. अशी तक्रार असली की माणूस आधी मेडिकलवर जातो. तिथून लघवीचं सायरप किंवा तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळतात. फरक पडला नाही तर ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. संसर्ग, मुतखडा, उतारवयातल्या पुरुषांत प्रोस्टेटची गाठ ही कारणं असतातच. पण कित्येकदा किडनी आणि लघवीची पिशवी दोन्ही चांगल्या असतात. बिघाड असतो रक्तातल्या साखरेत, मणक्यात, मेंदूत, हृदयात, नाहीतर रोज घेतल्या जाणाऱ्या एखाद्या गोळीत. अशा वेळी लघवीवरच उपचार करत बसलं तर मूळ आजार वाढत राहतो. काही आजारांत तर एका दिवसाचा उशीरही जन्माचं अपंगत्व देतो.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ओझी उचलणारे, पाळीत उभ्याने काम करणारे कामगार आहेत. महिरावणी, तळेगाव, अंजनेरी अशा त्र्यंबक रोडवरच्या गावांतून रोज ये-जा करणारे आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यातली कुटुंबं आहेत. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत फवारणी चालते. या प्रत्येकाच्या लघवीच्या तक्रारीमागे वेगळं कारण असू शकतं, म्हणून ही माहिती.

आधी बाटलीने मोजा

मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर लघवी होते. सहा ते आठ वेळा जावं लागणं आणि रात्री एखाद वेळा उठणं यात काही वावगं नाही. पिशवीत साधारण दीडशे-दोनशे मिली लघवी जमली की पहिली जाणीव होते. तीनशे ते पाचशे मिलीपर्यंत माणूस आरामात धरून ठेवू शकतो.

पाण्याची जुनी प्लास्टिक बाटली कापून, त्यावर पेनने खुणा करून तीन दिवस मोजमाप ठेवलं तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. वेळ लिहायची, किती झाली ते लिहायचं, पाणी आणि चहा किती घेतला ते लिहायचं. मोबाईलमध्ये टिपलं तरी चालतं.

या वहीतून दोन वेगळे प्रकार लगेच समोर येतात. दर वेळी भरपूर लघवी होते आणि चोवीस तासांत तीन लिटरच्या वर जाते, तर शरीरात लघवीच जास्त तयार होतेय. मग शुगर, सिकलसेल, गोळ्या किंवा जास्त पाणी पिण्याची सवय, अशी कारणं शोधावी लागतात. वेळा पुष्कळ पण दर वेळी थोडीशीच, तर पिशवी चिडलेली आहे, तिच्यावर दाब आहे किंवा ती पूर्ण रिकामीच होत नाहीये. तिसराही एक प्रकार आहे: दिवसा नेहमीसारखं, पण एकूण लघवीतली तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रात्रीच होते. उतारवयात असं दिसलं तर हृदय, पायांची सूज आणि झोप यांच्याकडे बघायचं.

जळजळीबरोबर थंडी वाजून ताप येणं, कुशीत कळा येणं किंवा लघवीत रक्त दिसणं ही मात्र किडनी-पिशवीच्याच आजारांची लक्षणं आहेत. रक्त एकदाच दिसलं, न दुखता दिसलं, तरी तपासणी टाळू नये. तंबाखू-बिडी ओढणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

शुगर: सगळ्यात आधी हीच तपासा

‘मधुमेह’ या शब्दातच उत्तर आहे. मेह म्हणजे लघवी. आयुर्वेदाच्या जुन्या वैद्यांनी गोड लघवीवरूनच हा आजार ओळखला होता. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनी ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. त्यामुळे लघवी जास्त, म्हणून तहान जास्त, म्हणून पाणी जास्त. घरच्यांना वाटतं, पाणी जास्त पितो म्हणून लघवी होते. खरं उलटं असतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरातल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, जेवणानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली की मधुमेह धरतात. त्रास नसताना असा आकडा आला तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

लहान मुलांच्या बाबतीत इथे फार जपावं लागतं. अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल महिना-दोन महिन्यांत पुन्हा सुरू करतं, सारखं पाणी मागतं, खाऊनही वाळत जातं, तर त्याच दिवशी बोटातून शुगर तपासून घ्यावी. एक मिनिटाचं काम आहे. मुलांच्या मधुमेहात इन्सुलिन मिळालं नाही तर उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा खोल श्वास आणि गुंगी येते. पोट बिघडलं समजून एक-दोन दिवस घरी काढले तर जीवावर बेततं. अशा मुलाला रागावणं, मारणं, संध्याकाळी पाणी बंद करणं हे तर आजार वाढवण्यासारखंच.

जुन्या मधुमेहात चित्र पालटतं. दहा-पंधरा वर्षांत पिशवीच्या नसा बधिर होतात. पिशवी भरली तरी कळत नाही. माणूस दिवसातून दोन-तीनदाच जातो आणि वाटतं की त्रास बरा झाला. आत मात्र लघवी साठून राहते, त्यात संसर्ग होतो, मागे किडनीवर दाब येतो. पायांना मुंग्या आणि बधिरपणा असलेल्या मधुमेही माणसाने लघवी करून आल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते ते साध्या सोनोग्राफीत बघून घ्यावं. तोपर्यंत जाणीव होवो न होवो, घड्याळ लावून दर तीन-चार तासांनी जायचं.

कंबर आणि मणका: इथे तास मोजावे लागतात

लघवी साठवायची की सोडायची याचा हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि माकडहाडाच्या भागातल्या नसांतून पिशवीपर्यंत पोचतो. या वाटेत कुठेही अडथळा आला की लघवी बिघडते.

कमरेखाली या नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. ओझं उचलताना किंवा झटका बसून मणक्यातली गादी मोठ्या प्रमाणात सरकली, तर हा सगळा झुपकाच दाबला जातो. कंबर धरणं, एका पायात कळ जाणं हे नेहमीचं दुखणं. बऱ्याच जणांचं ते विश्रांती, औषधं आणि व्यायामाने बरं होतं. पण त्याच दुखण्यात पुढची लक्षणं दिसली तर ती वेगळी गोष्ट आहे:

दोन्ही पायांत कळा किंवा ताकद कमी होणं. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग, म्हणजे जांघा, गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीची जागा, बधिर होणं. लघवी लागल्याची जाणीव न होणं, जोर करूनही धार न सुटणं किंवा नकळत गळणं. संडासवरचा ताबा जाणं.

यातलं एक जरी नव्याने सुरू झालं तरी थेट मोठं रुग्णालय गाठायचं, तेही त्याच दिवशी. एमआरआय आणि गरज पडल्यास ऑपरेशन किती लवकर होतं यावर पुढचं आयुष्य ठरतं. लघवी पूर्ण तुंबण्याआधी नसा मोकळ्या झाल्या तर ताबा परत येण्याची शक्यता चांगली असते. दोन-तीन दिवस गेले तर पुढे जन्मभर नळी वापरावी लागू शकते. पंचविशी-तिशीतल्या कामगाराच्या बाबतीत याचा अर्थ नोकरी, संसार, सगळंच.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, कंबर दुखते म्हणून चोळून घेणं, पाठीवर पाय द्यायला लावणं, हाडवैद्याकडून झटका देऊन घेणं यात मधला वेळ जातो. दोन, पिशवी पूर्ण भरून वरून थेंब थेंब गळत असतात आणि घरचे म्हणतात, ‘लघवी तर होतेय’. टाकी भरून वाहते तसं ते असतं. बेंबीखाली पोट फुगलेलं, घट्ट लागत असेल तर लघवी तुंबलेली आहे असं समजावं. आणि सीटचा भाग बधिर झालाय हे सांगायला पुरुषही लाजतात, बायका तर सांगतच नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं.

मणक्याचा टीबी हे आपल्याकडचं दुसरं मोठं कारण. तो सावकाश येतो. कित्येक आठवडे पाठीत एकाच जागी दुखतं, रात्री जास्त दुखतं, संध्याकाळी अंगात कसकस येते, वजन उतरतं. खोकला नसतो, म्हणून टीबीची शंकाच येत नाही. पुढे पाय जड होतात, चालताना अडखळतात आणि लघवी अडते किंवा सुटते. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे.

बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही पाठीच्या कण्यातल्या नसा खराब होतात. पूर्ण शाकाहारी माणसं आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांना हा धोका जास्त. पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं आणि जोडीला लघवीची तक्रार, असं असेल तर ही रक्ततपासणी सांगून करून घ्यावी. कुल्ल्यावर किंवा गुप्तांगाजवळ नागीण उठली तरी काही दिवस लघवी अडू शकते. नागिणीवर लेप लावत बसण्यापेक्षा पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या.

सिकलसेल: पाणी तोडू नका

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या आदिवासी कुटुंबांनी हा भाग नीट वाचावा. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरी डोंगरातल्या आदिवासींमधली. आपल्याकडे सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात हा आजार आढळतो. आई-वडिलांकडून आलेल्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी असतो, तिथे या पेशी लवकर वाकतात. त्यामुळे लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद अगदी लहानपणीच कमी होते. पाणी प्यायलं नाही तरी पातळ, भरपूर लघवी होत राहते. म्हणून सिकलसेलची मुलं बाकीच्या मुलांपेक्षा जास्त दिवस, कधी दहा-बारा वर्षांची होईपर्यंतही अंथरूण ओलं करतात. मोठ्यांना रात्री उठावं लागतं. हा आळस नाही, खोड नाही.

आणि इथेच घरचा उपाय अंगलट येतो. अंथरूण ओलं होतं म्हणून मुलाला संध्याकाळनंतर पाणी देत नाहीत. सिकलसेलच्या मुलाचं शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही. वरून पाणी तोडलं की रक्त घट्ट होतं आणि हाडं, छाती, पोट दुखण्याचा जोराचा झटका येऊ शकतो. आश्रमशाळेच्या वसतिगृहात तर मूल लाजेपोटी आपणच पाणी प्यायचं सोडतं. अधीक्षक आणि शिक्षकांना मुलाचं कार्ड दाखवून हे सांगून ठेवणं गरजेचं आहे. पाणी दिवसभर भरपूर द्यायचं, झोपताना लघवी करवायची, मध्यरात्री एकदा उठवायचं, गादीवर प्लास्टिक टाकायचं. बस.

सिकलसेलची साधी तपासणी बोटातल्या रक्तावर होते. ती संशयास्पद आली तर पक्की तपासणी करतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, त्यात ही तपासणी मोफत आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. ज्यांच्यात फक्त एकाकडून दोष आला आहे, म्हणजे वाहक, त्यांना बहुधा काही त्रास नसतो. पण कधीकधी न दुखता लघवीत रक्त दिसतं. डॉक्टरांना आपण वाहक असल्याचं सांगावं.

फवारणीनंतर लघवी सुटणं

द्राक्ष, टोमॅटो, भाजीपाल्यावर मारली जाणारी काही कीटकनाशकं शरीरात गेली की नसा आणि ग्रंथी बेलगाम सुटतात. ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली औषधं त्यातली मुख्य. फवारताना किंवा फवारून आल्यावर डोळ्यातून पाणी, तोंडाला लाळ, खूप घाम, उलटी-जुलाब, नकळत लघवी होणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, दंड-मांड्यांचं मांस फडफडणं, छाती भरून येणं. ‘ऊन लागलं’ म्हणून झाडाखाली निजवू नये. कपडे काढून साबण-पाण्याने अंग आणि केस धुवावेत, धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. ओकारी काढायला लावू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावं, कारण त्यावरून उतारा ठरतो.

याच्या बरोबर उलटं धोत्र्याचं. महादेवाला वाहायचा हा धोत्रा कुणी दम्यावर औषध म्हणून खातं, कधी मुलं खेळता खेळता बिया तोंडात टाकतात. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, माणूस बरळतो आणि लघवी पूर्ण तुंबते. हीसुद्धा १०८ चीच केस.

दिवसा पाय सुजतात, रात्री लघवी वाढते

मशीनपुढे आठ तास उभं राहिलेल्या किंवा दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्या माणसाच्या पायात पाणी उतरतं. आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि किडनी रात्रभर ते बाहेर काढत बसते. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरला आणि खड्डा राहिला, तर सूज आहे. पाय सुजण्याबरोबर चढ चढताना दम लागत असेल, उशी उंच घ्यावी लागत असेल, रात्री श्वास कोंडून जाग येत असेल, तर हृदयाचं पंपिंग कमी झालंय का ते बघायला हवं. त्यासाठी ईसीजी आणि टूडी इको या तपासण्या आहेत. अशा माणसाला प्रोस्टेटची गोळी देऊन रात्रीचं उठणं थांबत नाही.

झोपेत जोरात घोरणं, मधेच श्वास थांबणं आणि गुदमरून उठणं हाही एक आजार आहे. श्वास अडला की छातीत ताण येतो, हृदयातून एक रसायन सुटतं आणि ते किडनीला लघवी वाढवायला सांगतं. माणूस म्हणतो, लघवी लागली म्हणून जाग आली. खरं तर श्वास अडल्याने जाग आलेली असते. दिवसा पेंग येणारे, जाड मानेचे, बीपी असलेले आणि रात्री दोन-तीनदा उठणारे यांनी घोरण्याबद्दल घरच्यांना विचारून डॉक्टरांना सांगावं. गाडी चालवणाऱ्यांनी तर नक्कीच.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या

नव्याने सुरू झालेल्या लघवीच्या त्रासात पहिला प्रश्न हाच हवा: महिन्याभरात कोणती गोळी सुरू झाली किंवा बदलली?

बीपी आणि हृदयाच्या आजारात दिली जाणारी ‘पाण्याची गोळी’ लघवी वाढवण्यासाठीच असते. ती संध्याकाळी घेतली तर रात्र खराब होते. कोणत्या वेळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून बदलता येतं. बीपीच्या अम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, मग वर सांगितल्याप्रमाणे रात्रीची लघवी वाढते. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. तिचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती स्वस्त झाली आणि आता सर्रास दिली जाते. ती घेणाऱ्याच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर भरपूर दिसणारच, घाबरून गोळी बंद करू नये. मात्र गुप्तांगाला खाज आली, किंवा उलट्या होऊन जेवण बंद झालं, तर डॉक्टरांना लगेच विचारावं.

लघवी अडवणाऱ्या गोळ्या वेगळ्या. सर्दीच्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन असतं. थंडीच्या दिवसांत साठीच्या पुढचा माणूस मेडिकलवरून सर्दीची गोळी घेतो आणि रात्रीतून लघवी पूर्ण बंद होते, नळी टाकायला धावावं लागतं. प्रोस्टेटची गाठ असलेल्यांनी दुकानातून परस्पर सर्दीची गोळी घेऊच नये. नसांच्या दुखण्यासाठीची अमिट्रिप्टिलिन, कंपवाताची ट्रायहेक्सीफेनिडिल, पोटात मुरडा आल्यावरच्या काही गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं यांनीही असं होतं. मानसिक आजारावरच्या लिथियमने लघवी आणि तहान दोन्ही वाढतात. यातली कुठलीही गोळी मनाने थांबवायची नाही, डॉक्टर बदलून देतात.

दारू प्यायल्यावर शरीरातला लघवी रोखणारा रस काही तास बंद पडतो. त्यात गुंगीमुळे भरलेल्या पिशवीची जाणीव होत नाही. सकाळी अंथरूण ओलं सापडण्याचं कारण एवढंच असतं.

मेंदू, म्हातारपण आणि दाराबाहेरचा संडास

लकवा मारल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत लघवीवरचा ताबा जाणं नेहमीचं आहे, आणि बऱ्याच जणांत तो हळूहळू परत येतो. दर दोन-तीन तासांनी भांडं देत राहिलं तर लवकर येतो. कंपवातात लघवीची घाई होते, विस्मरणात संडास कुठे तेच आठवत नाही. एक आजार मात्र मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन चाल बिघडते, विसराळूपणा येतो आणि लघवी सुटते. हे तिन्ही मिळून आलं तर मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं. सगळे ‘वय झालं’ म्हणतात, पण सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये ते ओळखता येतं आणि ऑपरेशनने काहींना चांगला आराम पडतो.

कधी पिशवी, नसा, मेंदू सगळं बरं असतं आणि गुडघे नसतात. संडास अंगणाच्या कडेला, रात्री अंधार, दोन पायऱ्या उतरायच्या. आजी पोचेपर्यंत लुगडं ओलं होतं. खाटेजवळ भांडं, बॅटरी, भिंतीला धरायला दांडा आणि कमोडची खुर्ची हेच तिचं औषध.

म्हाताऱ्या माणसाचं डोकं अचानक फिरलं, एका दिवसात बरळायला लागलं, तर पोट तपासावं. लघवी तुंबली तरी असं होतं आणि मोकळी केली की माणूस पुन्हा ताळ्यावर येतो.

बद्धकोष्ठाकडे तर कुणी बघतच नाही. शौचाचा भाग खड्यांनी भरलेला असला की तो पुढच्या पिशवीवर दाबतो. लहान मुलांत आणि म्हाताऱ्यांत सारखी लघवी, गळणं, कधी पूर्ण तुंबणं यामागे हे कारण हमखास सापडतं. पोट साफ झालं की लघवीही सुधारते.

बायकांनी न सांगितलेलं

अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, याने लघवी अडते, अर्धवट होते किंवा खोकताना गळते. काही बायकांना बोटाने अंग आत ढकलल्याशिवाय लघवी होत नाही आणि हे त्या वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. व्यायाम, आत बसवायची रिंग आणि ऑपरेशन असे उपाय आहेत, वयाची अट नाही. गर्भाशयातल्या मोठ्या गाठीही पिशवीवर दाबतात. गरोदरपणात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अचानक लघवी अडली तर गर्भाशय मागे वळून अडकलेलं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जुना खोकला, दमा आणि वाढलेलं वजन यांनी गळणं वाढतं. खोकल्यावर उपचार झाला की तेही कमी होतं.

मुलांमध्ये आणि तरुणांत लघवीला वारंवार जावंसं वाटणं आणि उजव्या बाजूला खाली पोट दुखणं हे एकत्र आलं तर अपेंडिक्सही असू शकतं. ते पिशवीजवळ लोंबत असलं की तिला चिडवतं. लघवीची गोळी घेऊन थांबू नये.

रंग बदलला तर

टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते ठीक आहे, औषध सोडायचं नाही. बीट खाल्ल्यावर लालसर होते. भरपूर पाणी पिऊनही गडद पिवळी आणि डोळे पिवळे, तर कावीळ. कोकसारखी काळपट लघवी मात्र धोक्याची: उन्हात जबर श्रम, उष्माघात, विजेचा जोराचा झटका किंवा मांस चिरडणारा अपघात यांनंतर स्नायू विरघळून किडनी बंद पडू शकते. काही जणांत मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीने रक्तपेशी फुटूनही असा रंग येतो. दोन्हींत लगेच रुग्णालय.

कुठे जायचं

सुरुवात किडनीच्या मोठ्या डॉक्टरांपासून करायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या एमबीबीएस डॉक्टरकडे तीन दिवसांची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट घेऊन जावं. लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, बीपी, पायावरची सूज आणि गरज पडल्यास लघवी करण्याआधी व नंतरची सोनोग्राफी, एवढ्यावर बहुतेक वेळा दिशा कळते. लघवी पूर्ण बंद, सीटचा भाग बधिर, पाय लुळे, अचानक तोंड वाकडं किंवा फवारणीनंतरची लक्षणं असतील तर मात्र मधे कुठे न थांबता १०८ किंवा नाशिकचं जिल्हा रुग्णालय.

सातपूर परिसरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी त्र्यंबक रोडवर कामगार विमा रुग्णालय आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणारे कामगार ईएसआयसीत येतात, कंत्राटी कामगारसुद्धा. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगारपत्रकावर ही कपात दिसत असेल तर कार्ड काढून घ्यावं. त्यावर कामगाराबरोबर नवरा-बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांचेही उपचार होतात, म्हणून गावाकडच्या आई-वडिलांची नावं त्यात घातली आहेत का ते एकदा बघून घ्यावं.